हेड बोल्टची निवड आणि आवळणी : १.९ टीडीआय इंजिनाच्या बांधणीच्या निमित्ताने

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.९ टीडीआय डिझेल, ९० अश्वशक्तीची. २००१ पासून औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा औद्योगिक वसाहतीत या गाड्या जोडल्या जात होत्या, आणि मराठवाड्यात त्यांतल्या काही अजून रोजच्या वापरात दिसतात. माझ्या गाडीचे कूलंट गेले काही महिने कुठेही गळती न दिसता कमी होत होते. सकाळी इंजिन सुरू केले की कूलंटच्या टाकीत बुडबुडे यायचे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांमधला सांधा बंद ठेवणारा थर) जळाल्याची खूण स्पष्ट दिसली. हेड पाण्याच्या दाबाखाली तपासून घेतले आहे, भेग नाही. ब्लॉक सध्या बोअरिंगच्या कारखान्यात आहे, नवीन रिंगा आणि बेअरिंगे मागवली आहेत.

प्रश्न हेड ब्लॉकवर आवळून धरणाऱ्या हेड बोल्टचा आहे. गॅरेजमधले मिस्त्री म्हणतात की जुने दहाही बोल्ट सरळ आहेत, आटे शाबूत आहेत, तेव्हा ते धुऊन परत लावावेत. आणि बदलायचेच असतील तर बाजारात १२.९ श्रेणीचे ॲलन बोल्ट मिळतात, ते मूळ बोल्टपेक्षा मजबूत असतात. दुसरीकडे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बोल्ट दर वेळी नवीनच घ्यावेत असे लिहिले आहे, आणि आवळण्याचा क्रम ४० न्यूटन-मीटर, मग ६० न्यूटन-मीटर, मग ९० अंश आणि पुन्हा ९० अंश असा दिला आहे. यामागची कारणे समजली, तर मिस्त्रींशी नीट बोलता येईल. केवळ 'पुस्तकात लिहिले आहे' एवढेच सांगून त्यांच्या अनुभवाला उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

यंत्रशाळा

आपण प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण हेड बसल्यानंतर या चर्चेला अर्थ उरत नाही. मी उत्तर थोडे मुळापासून देतो, म्हणजे पुढचे निर्णय आपोआप सुटतील.

हेड बोल्टचे काम गॅस्केटवर पुरेशी आणि सर्वत्र सारखी पकड ठेवणे हे आहे. ही पकड किती असावी लागते त्याचा अंदाज घेऊ. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७९.५ मिलीमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ४९६४ चौरस मिलीमीटर भरते. ज्वलनाच्या क्षणी आतला दाब १३० बार धरला, तर हेडला वर ढकलणारे बल सुमारे ६४,५०० न्यूटन, म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास येते. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट आहेत, म्हणून एकेका बोल्टच्या वाट्याला १६,००० न्यूटन आले. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० वेळा बसतो. त्याखेरीज गॅस्केटच्या कडा पुरेशा चेपलेल्या राहाव्यात म्हणून वेगळी पकड लागते. त्यामुळे बोल्टमध्ये आधीपासून असलेला ताण या धक्क्याच्या काही पट असावा लागतो. तो तसा असेल, तर प्रत्येक स्फोटाच्या वेळी बोल्टवरचा भार अगदी थोडाच वरखाली होतो आणि बोल्ट थकत नाही. तो कमी असेल, तर हेड सूक्ष्म प्रमाणात उचलले जाते, गॅस्केट घासत राहते, आणि आपल्या गाडीत जिथे खूण दिसली तिथेच, म्हणजे दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर, ते आधी जळते.

आता हा ताण मोजायचा कसा? बोल्ट हा ताणून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो जितका लांबला तितकी पकड. पण इंजिनात बसलेल्या बोल्टची लांबी आपल्याला मोजता येत नाही, म्हणून आपण टॉर्क, म्हणजे पान्याने दिलेला पिळाचा जोर, मोजतो, आणि इथेच सगळी अडचण आहे. आपण पान्यावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. घर्षण थोडे बदलले की ते १० टक्के बरेच बदलतात.

ढोबळ सूत्र असे आहे की टॉर्क म्हणजे घर्षणावर अवलंबून असलेला एक गुणांक, बोल्टचा व्यास आणि बोल्टमधला ताण यांचा गुणाकार. १२ मिलीमीटरच्या बोल्टला ६० न्यूटन-मीटर लावले आणि आटे कोरडे असले, म्हणजे गुणांक ०.२० धरला, तर ताण २५,००० न्यूटन येतो. हलके तेल असेल आणि गुणांक ०.१५ असेल, तर तो ३३,००० च्या वर जातो. मॉलिब्डेनमचे ग्रीस लावून गुणांक ०.११ वर आणला, तर ४५,००० होतो. टॉर्क रेंच तिन्ही वेळा त्याच आकड्यावर 'टक्' करणार आहे. दहा बोल्टांपैकी तीन कोरडे, चार तेलकट आणि तीन गंजलेले असतील, तर हेडवर पडणारी पकड किती विषम असेल याची कल्पना यावरून यावी.

म्हणून पुस्तिकेत ६० न्यूटन-मीटरनंतर आकडा थांबतो आणि अंश सुरू होतात. पहिल्या दोन टप्प्यांचे काम हेड बसवणे, गॅस्केट चेपणे आणि सगळे बोल्ट एका समान जागी आणणे एवढेच आहे. त्यानंतरचे १८० अंश घर्षणावर अवलंबून नसतात. एम १२, म्हणजे १२ मिलीमीटरच्या बोल्टच्या आट्यांचा पल्ला (एका फेऱ्यात बोल्ट सरकतो ते अंतर) १.७५ मिलीमीटर धरला, तर अर्धा फेरा म्हणजे ०.८७५ मिलीमीटरची हालचाल, मग आटे कोरडे असोत वा तेलकट.

उद्यमनगरी

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बरीच वर्षे हेड आणि ब्लॉकची कामे करतो आहे. वरचा हिशेब मला मान्य आहे, परंतु जुन्या बोल्टविषयी माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्याकडे आलेल्या अनेक इंजिनांत, विशेषतः ट्रॅक्टर, जुन्या जीप आणि पंपाच्या इंजिनांत, तेच स्टड (ब्लॉकमध्ये बसवलेले, वरून नटने आवळायचे बिनडोक्याचे आटेदार दांडे) आणि तेच बोल्ट पुन्हापुन्हा वापरले गेले आहेत आणि ती इंजिने व्यवस्थित चालली आहेत. मिस्त्री जेव्हा 'परत लावा' म्हणतो, तेव्हा तो निष्काळजीपणाने बोलत नसतो. ज्या इंजिनांवर त्याचा हात बसला, त्यांत ते बरोबरच होते. तेव्हा हा नियम नेमका कोणत्या बोल्टला लागू होतो आणि कोणत्या नाही, हे यंत्रशाळा यांनी स्पष्ट करावे.

यंत्रशाळा

उद्यमनगरी यांचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि माझ्या उत्तरात तो आधीच यायला हवा होता. हेड बोल्ट दोन प्रकारे काम करतात.

पहिल्या प्रकारात बोल्ट लवचिक मर्यादेच्या आतच ताणला जातो. सैल केला की तो मूळ लांबीवर परत येतो. जुन्या बिडाच्या इंजिनांतले जाड स्टड या प्रकारातले असतात. आटे स्वच्छ असतील, मान बारीक झालेली नसेल, गंजाचे खड्डे नसतील, तर ते पुन्हा वापरायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रकारात बोल्ट मुद्दामच लवचिक मर्यादेच्या पलीकडे ताणला जातो. आपल्या इंजिनाचा बोल्ट या प्रकारातला आहे. कसे ते पाहू. हिशेबासाठी बोल्ट १०.९ श्रेणीचा धरू. बोल्टच्या डोक्यावरच्या या आकड्याचा पहिला भाग १०० ने गुणला की तुटण्याची क्षमता मिळते, म्हणजे दर चौरस मिलीमीटरला १००० न्यूटन. दुसरा भाग सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ९०० न्यूटनवर, पोलाद कायमचे ताणायला लागते. या बिंदूला आपण यील्ड म्हणू. एम १२ बोल्टचे आट्यांतले परिणामी क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलीमीटर असते, म्हणून हा बोल्ट सुमारे ७६,००० न्यूटनवर यील्डला पोहोचतो. दोन पृष्ठभागांमध्ये पकडलेली लांबी १०० मिलीमीटर धरली, तर ३३,००० न्यूटनपासून ७६,००० पर्यंत जायला बोल्ट पाव मिलीमीटरच्या आसपास लांबावा लागतो; हेड आणि गॅस्केट थोडे चेपले जातात ते धरूनही हा प्रवास पहिल्या ९० अंशांच्या आसपासच संपतो. दुसऱ्या ९० अंशांत बोल्ट कायमचा ताणला जात असतो.

यात दोन फायदे आहेत. यील्डच्या पलीकडे बोल्ट आणखी फिरवला तरी ताण फारसा वाढत नाही, त्यामुळे दहाही बोल्टांतली पकड जवळजवळ सारखी होते. नुसत्या टॉर्कने आवळलेल्या बोल्टांत पकडीचा फरक २५ ते ३० टक्क्यांपर्यंत राहू शकतो, तो इथे बराच कमी होतो. दुसरा फायदा ॲल्युमिनियमच्या हेडमुळे महत्त्वाचा ठरतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. १०० मिलीमीटर उंचीचे हेड ७० अंशांनी तापले, तर ते बोल्टपेक्षा सुमारे ०.०८ मिलीमीटर जास्त वाढते आणि बोल्टला आणखी ताणते. लवचिक मर्यादेत असलेल्या जाड, ताठ बोल्टमध्ये यामुळे मोठा भार वाढेल आणि गॅस्केट गरजेपेक्षा जास्त चेपले जाईल. यील्डवर आलेला बोल्ट मात्र हा फरक जवळजवळ त्याच भाराखाली सामावून घेतो.

याची किंमत अशी की उतरवलेला बोल्ट नव्या बोल्टपेक्षा थोडा लांब आणि एखाद्या ठिकाणी थोडा बारीक झालेला असतो. तो पुन्हा १८० अंश फिरवला की ताणण्याची उरलेली क्षमता संपत जाते. बहुतेक वेळा तो लगेच तुटत नाही, म्हणूनच 'आम्ही लावले आणि चालले' असे अनुभव ऐकायला मिळतात. पण त्यातली पकड किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही. काही कंपन्या आपल्या बोल्टसाठी कमाल लांबी किंवा मानेचा किमान व्यास देतात आणि त्या मर्यादेत असलेला बोल्ट परत वापरू देतात. आपल्या इंजिनासाठी मात्र पुस्तिका सरळ नवीन बोल्ट मागते, तेव्हा दहाही नवीन घ्यावेत. गॅस्केट, हेडचे काम आणि मजुरी यांच्या तुलनेत त्यांचा खर्च किरकोळ आहे.

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

फार आभार, जुन्या बोल्टचा प्रश्न सुटला. पण १२.९ चे काय? ते मजबूत असतील, तर अधिक सुरक्षित नाहीत का?

यंत्रशाळा

नाहीत, आणि कारण वरच्याच हिशेबात आहे. या रचनेत बोल्ट हा पकडीची कमाल मर्यादा ठरवणारा भाग आहे. तो ७६,००० न्यूटनच्या आसपास नमतो म्हणून त्यापुढे भार वाढत नाही. १२.९ श्रेणीचा बोल्ट ९१,००० च्या आसपास नमतो. तेच १८० अंश दिल्यावर वाढलेला भार जाईल कुठे? डोक्याखालच्या ॲल्युमिनियमवर, ब्लॉकमधल्या आट्यांवर आणि गॅस्केटवर. शिवाय हार्डवेअरच्या दुकानातल्या ॲलन बोल्टचे डोके लहान असते, त्यामुळे बसण्याची जागा कमी मिळते. त्याच्यावरचा लेप कोणत्या घर्षणासाठी केला आहे ते ठाऊक नसते. आणि त्याचा दांडा मूळ बोल्टइतका ताणण्यासाठी घडवलेला नसतो. बोल्ट निवडताना श्रेणी ही एकच गोष्ट पाहून चालत नाही. दांड्याची लांबी, आट्यांची लांबी, डोक्याचा व्यास, वॉशर आणि लेप हे सगळे त्या टॉर्क-अंशाच्या आकड्याशी बांधलेले आहे.

अतिकठीण बोल्टचा आणखी एक धोका सांगतो. चकाकणारा जस्ताचा लेप विजेच्या प्रक्रियेने चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नंतर योग्य प्रकारे भाजून काढला नाही, तर कठीण बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणताही जास्तीचा भार न येता, तुटू शकतो. १२.९ मध्ये हा धोका सर्वांत जास्त. म्हणून बंद पाकिटातला, गॅस्केट बनवणाऱ्या कंपनीचा त्या इंजिनासाठीचा संचच घ्यावा. एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झ यांचे असे संच पुण्यात नाना पेठेत शोधल्यास मिळू शकतात. पाकीट घेताना सगळ्या बोल्टांच्या डोक्यावर निर्मात्याची खूण आणि श्रेणी एकसारखी आहे ना, हे तिथेच पाहावे. वेगवेगळ्या खुणांचे बोल्ट एका संचात असतील, तर तो संच घेऊ नये.

उद्यमनगरी

यंत्रशाळा यांनी लेपाचा विषय काढला म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण ती आमच्या भागात सर्रास घडते. गंज काढण्यासाठी बोल्ट आणि स्टड आम्लात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. आम्लानेही तोच हायड्रोजन पोलादात जातो. कठीण बोल्टसाठी हे कधीही करू नये. तारेचा ब्रश आणि रॉकेल पुरेसे असते. त्यानेही स्वच्छ होत नसेल, तर तो बोल्ट वापरण्यालायक नाही असे समजावे.

आता ब्लॉककडे वळू, कारण माझ्या मते निम्मे काम तिथे असते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि बोल्टची भोके खालून बंद आहेत. हेड उतरवताना त्यांत कूलंट आणि तेल साचते. ते तसेच राहिले आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दबत नसल्यामुळे दोन गोष्टी होतात : रेंच वेळेआधीच 'टक्' करतो आणि बोल्ट प्रत्यक्षात सैल राहतो, किंवा वाईट नशीब असेल तर भोकाच्या तळाशी ब्लॉकलाच भेग पडते. अशी भेग दुरुस्त होत नाही. म्हणून प्रत्येक भोक कापसाच्या किंवा सुती कापडाच्या वातीने टिपून घ्यावे, मग बारीक नळीने हवा मारावी, आणि टॉर्चने तळ पाहावा. हवा मारताना चष्मा आवश्यक आहे, कारण तळातली घाण सरळ डोळ्यांकडे येते.

आटे साफ करण्यासाठी नेहमीचा कापणारा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) घालू नये. तो बसलेल्या आट्यांतले थोडे धातू काढतो आणि मूळ पकड कमी करतो. आटे साफ करण्याचे वेगळे, न कापणारे टॅप मिळतात. ते नसेल तर जुन्या हेड बोल्टच्याच आट्यांना लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडून घ्याव्यात. घाण त्या खाचांत जमा होते आणि आटे शाबूत राहतात. उरलेल्या जुन्या बोल्टांपैकी दोघांची डोकी कापून वर पेचकसाची खाच पाडली, की हेड सरळ खाली बसवण्यासाठी मार्गदर्शक खुंट्या तयार होतात. जुन्या बोल्टचा हाच खरा उपयोग.

पृष्ठभागाविषयी : सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून फीलर गेजने फट तपासावी. या हेडला ०.१ मिलीमीटरपेक्षा जास्त वाकडेपणा चालत नाही, आणि हे डिझेलचे हेड तासून कमी करण्याची परवानगी कंपनी देत नाही. व्हॉल्व्ह हेडच्या तळाशी जवळजवळ समतल असतात आणि पिस्टन ब्लॉकच्या वर येतो, त्यामुळे हेड तासले की दोघांतली जागा कमी होते. 'थोडे फेसिंग मारून देतो' असे कोणी म्हटले, तर या इंजिनासाठी नम्रपणे नकार द्यावा.

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

पिस्टन वर येण्यावरून आठवले. गॅस्केटवर जाडी ओळखण्यासाठी एक, दोन किंवा तीन भोके असलेले प्रकार आहेत असे दुकानदार म्हणाले. जुन्यावर दोन भोके होती, तेव्हा तेच घ्यावे का?

यंत्रशाळा

नवीन बांधणीत जुन्यावर विसंबू नये, मोजूनच घ्यावे. डायल गेज ब्लॉकच्या पृष्ठभागावर शून्यावर लावा आणि प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला असताना तो किती वर येतो ते पाहा. ०.९१ ते १.०० मिलीमीटर असेल तर एक भोक, १.०१ ते १.१० असेल तर दोन, आणि १.११ ते १.२० असेल तर तीन. चारही पिस्टनांपैकी जो सर्वांत वर येतो, त्याचा आकडा धरायचा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग यांपैकी काहीही बदलले असेल, तर हा आकडा बदललेला असू शकतो.

फलटणचा_ट्रॅक्टर

मी शेतकरी आहे आणि हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. माझ्या जुन्या महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टरचे हेड नुकतेच बसवले. त्याला स्टड आणि नट आहेत. आमच्या मिस्त्रींनी सांगितले की थोडे काम केल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. पण इथे अंश मोजून आवळल्यावर पुन्हा हात लावू नये असा सूर दिसतो. मग माझ्या ट्रॅक्टरचे काय करावे? शिवाय पुस्तिकेत आकडे पाउंड-फूट आणि किलोग्रॅम-मीटरमध्ये आहेत, त्यांचा गोंधळ होतो.

यंत्रशाळा

आपल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणार आहे, पण आधी एककांचे सांगतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर आणि १ पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ६० न्यूटन-मीटरच्या जागी कोणी ६० पाउंड-फूट लावले, तर प्रत्यक्षात ८१ न्यूटन-मीटर लागतात. रेंचच्या दांड्यावर बहुधा दोन मापपट्ट्या असतात. आपण कोणती वाचतो आहोत हे काम सुरू करण्यापूर्वी दोघांनी पाहून घ्यावे.

उद्यमनगरी

रेंचबद्दल थोडे. 'टक्' करणाऱ्या रेंचची अचूकता चांगल्या स्थितीत साधारण ४ टक्के असते, आणि ती मापपट्टीच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाची नसते. २०० न्यूटन-मीटरपर्यंतचा रेंच ४० साठी वापरण्यापेक्षा १०० पर्यंतचा रेंच घ्यावा. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या खुणेवर सैल करून ठेवावी. सरळ एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही. पण रेंचच्या पुढे आडवा पाना जोडून लांबी वाढवली, तर बदलतो. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवण्याचे काम कधीही करू नये.

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

सर्वांच्या सल्ल्याप्रमाणे काम झाले, त्याची नोंद देतो आणि एक शंका विचारतो. सर्वांत वर येणारा पिस्टन दोन भोकांच्या मर्यादेत भरला, तेव्हा त्याच प्रकारचे गॅस्केट घेतले. भोके टिपून, हवा मारून साफ केली. क्रँक अशा जागी ठेवला की चारही पिस्टन वरच्या टोकापासून खाली राहतील, म्हणजे हेड ठेवताना उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार नाही. गॅस्केट कोरडेच ठेवले, कोणताही गोंद लावला नाही. नवीन बोल्ट पाकिटातून काढले तसेच, त्यांच्या मूळ लेपासह लावले. मिस्त्रींनी सर्व बोल्ट आधी हाताने बसवले, मग मधून बाहेर अशा क्रमाने ४० आणि त्याच क्रमाने ६० दिले. नंतर प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करून लांब दांड्याने ९० अंशांचे दोन फेरे केले. नऊ बोल्टांना शेवटच्या फेऱ्यात जोर चांगलाच लागला, पण एका कोपऱ्यातला बोल्ट त्यांना थोडा हलका वाटला. आम्ही तिथेच थांबलो आहोत.

उद्यमनगरी

थांबलात ते अत्यंत योग्य केलेत, आणि मिस्त्रींच्या हाताला तो फरक जाणवला याचे मनापासून कौतुक. शेवटच्या टप्प्यात प्रतिकार वाढणे किंवा एका पातळीवर टिकणे स्वाभाविक आहे. तो स्पष्टपणे कमी होत गेला, तर मात्र बोल्टची मान बारीक होते आहे किंवा ब्लॉकमधले आटे सुटत आहेत. 'थोडा हलका' आणि 'फिरवताना सैल होत गेला' यांत फरक आहे, म्हणून मिस्त्रींना नेमके काय जाणवले ते विचारा.

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या २०-३० अंशांत तो सैल होत गेला.

यंत्रशाळा

तर मग तो बोल्ट तसा ठेवू नये, आणि 'आणखी थोडा आवळून पाहू' असेही करू नये. सर्व बोल्ट उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून आत, थोडेथोडे सैल करून हेड पुन्हा काढावे. इंजिन थंडच आहे, ते चांगले. गरम हेड सैल केले तर ते वाकते. मग तो बोल्ट दुसऱ्या बोल्टच्या शेजारी आटे आट्यांत बसवून उजेडात धरावा. दोघांचे आटे संपूर्ण लांबीत जुळत असतील, तर बोल्ट इतरांपेक्षा जास्त ताणलेला नाही आणि दोष भोकात आहे. मधे कुठे पाऊल चुकत असेल, म्हणजे आटे एकमेकांत बसत नसतील, तर बोल्टच बारीक झाला आहे. आट्यांत बिडाची करडी पूड किंवा तुकडे अडकले असतील, तर ब्लॉकचे आटे सुटले आहेत.

बोल्टचा दोष असेल, तर नवा संच आणि नवे गॅस्केट. यील्डपर्यंत गेलेले उरलेले नऊ बोल्ट आता वापरलेले आहेत, आणि पत्र्यांच्या थरांचे हे गॅस्केटही पूर्ण दाबाखाली एकदा चेपले गेले आहे. हा खर्च जिवावर येईल हे मला समजते, तरीही इथे काटकसर करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उद्यमनगरी

आटे सुटले असतील, तरीही ब्लॉक वाया गेलेला नाही. भोक मोठे करून त्यात पोलादी आट्यांची बुशी किंवा तारेची आटेदार गुंडाळी बसवता येते. बिडात हे काम चांगले टिकते. अट एकच, की भोक ब्लॉकच्या पृष्ठभागाशी अचूक काटकोनात पडले पाहिजे. हे हातातल्या ड्रिलने करू नये. ब्लॉक बोअरिंगच्या कारखान्यात परत न्यावा आणि यंत्रावर पक्का बांधून करून घ्यावे. बुशी पृष्ठभागाच्या थोडी खाली बसली पाहिजे. वर राहिली तर गॅस्केट तिच्यावरच टेकेल.

शेंद्रा_ऑक्टाव्हिया

हेड काढले. भोक स्वच्छ आहे, आटे शाबूत आहेत. बोल्ट शेजारी धरल्यावर दांड्याजवळच्या तीन-चार आट्यांत पाऊल चुकते आहे आणि मान उघड्या डोळ्यांनी बारीक दिसते. संच बंद पाकिटात नव्हता. दुकानदाराने सुटे बोल्ट मोजून दिले होते, आणि आता पाहिल्यावर त्या बोल्टच्या डोक्यावरची खूण इतरांपेक्षा वेगळी आहे. या वेळी बंद पाकिटातला संच आणि नवीन गॅस्केट मागवले आहे. मिस्त्रींनी स्वतः दहाही डोक्यांवरच्या खुणा तपासल्यावरच पाकीट स्वीकारायचे ठरले आहे.

मुंबई_रॅली

बाजारातल्या स्टडविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून दोन वाक्ये. रॅलीच्या किंवा जास्त बूस्टच्या (टर्बोचा दाब वाढवलेल्या) इंजिनांत काही जण बोल्टऐवजी एआरपीसारख्या कंपन्यांचे स्टड लावतात. स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताने बसवतात आणि वरचा नट बारीक आट्यांवर फिरतो, त्यामुळे दांड्याला पीळ कमी बसतो आणि ब्लॉकचे आटे दर वेळी झिजत नाहीत. पण त्यांचा टॉर्क त्यांच्याच वंगणासह आणि त्यांच्याच पुस्तिकेप्रमाणे द्यायचा असतो. मूळ बोल्टचे ६० अधिक १८० अंश त्यांना लावू नयेत. रोजच्या ९० अश्वशक्तीच्या गाडीला त्यांची गरज नाही.

यंत्रशाळा

सहमत आहे. आता फलटणकरांच्या राहिलेल्या प्रश्नाकडे येतो.

ऑक्टाव्हियाचे गॅस्केट पातळ पोलादी पत्र्यांचे आहे. ते एकदा चेपले की फारसे बसत नाही, आणि बोल्ट यील्डवर असल्यामुळे थोडे बसले तरी पकड टिकते. म्हणून तिथे पुन्हा आवळणे नसते. उलट स्थिर बोल्ट हलवायला लागणारा टॉर्क जास्त असल्यामुळे रेंच फसवतो, आणि बोल्ट विनाकारण आणखी ताणला जातो. आपल्या ट्रॅक्टरमध्ये मऊ, तंतुमय भराव असलेले गॅस्केट असेल, तर ते उष्णतेखाली हळूहळू बसते. त्याची जाडी थोडी कमी होते आणि लवचिक स्टडमधला ताण उतरतो. त्यामुळे आपले मिस्त्री बरोबर सांगत आहेत.

पद्धत अशी : पुस्तिकेने गरम आवळायला सांगितले नसेल, तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. नट ठरलेल्या क्रमाने, एका वेळी एकच, सुमारे पाव फेरा सैल करावा आणि लगेच पुस्तिकेतल्या शेवटच्या आकड्यापर्यंत एका सलग ओढीत आवळावा. सैल न करता नुसता रेंच लावला, तर अडकलेल्या घर्षणामुळे तो आधीच 'टक्' करतो आणि नट जागचा हलतही नाही. आट्यांवर आणि वॉशरखाली इंजिन तेलाचा एक थेंब पुरे. पुस्तिकेत कोरडे आवळायला सांगितले असेल, तर तेवढाही नको. सगळे नट झाल्यावर टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधले अंतर) पुन्हा तपासावी. हेड थोडे खाली बसते आणि पुशरॉडची लांबी तीच राहते, त्यामुळे फट कमी झालेली असते. ती तशीच राहिली, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळू लागते.